मिउरा घराण्याचा बैल

आमच्या गावात पोळ्याच्या दिवशी वेशीतून पहिला बैल आमच्या घरचा जातो. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, सूर्य पूर्वेला उगवतो तसं सांगते. वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं, हलगी वाजत असते, सगळ्या गावाची जनावरं मागं खोळंबलेली असतात. आणि आमचा बैल पुढं झाल्याशिवाय पाटलाचा असो की पुढाऱ्याचा, एकाचाही बैल पाय उचलत नाही. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा दागिना म्हणावा असं काही दिसलं नाही. हा मान तेवढा दिसला. तोच मी जन्मभर घासूनपुसून ठेवला.

आणि त्या साली माझ्या दावणीला बैलच नव्हता.

पाऊस असा रुसला होता की श्रावणात ओढ्यातून धूळ वाहत होती. चकलांब्यापासून आमच्यापर्यंत हिरवं म्हणावं तर बायकांच्या हातातल्या बांगड्या तेवढ्या. आमची जोडी मी पाडव्यानंतरच लेकीच्या सासरी गोदाकाठाला पाठवली होती, तिथं उसाचं वाढं तरी मिळायचं. पोळा आठवड्यावर आला तसा व्याह्यांना फोन लावला. व्याही म्हणाले, "इहीनबाई, एवढे दिवस चारा आमी घालायचा, आन सणाला दावण आमचीच रिकामी? आमाला काय पोळा न्हाई का?" आता लेक दिलेल्या घराशी भांडायला माझी जीभ कमी पडत नाही, पण लेकीला तिथंच नांदायचं असतं. फोन ठेवला.

ही बातमी मी घरात मालकांनासुद्धा हळू आवाजात सांगितली होती. तरी संध्याकाळपर्यंत ती मोहनरावांकडं पोचली. मोहनराव माझे चुलत दीर. गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. त्या साली संस्थेत दुधापेक्षा चहा जास्त व्हायचा आणि तोही कोरा, पण चेअरमनपद कोरं होत नाही. बांधावरच्या एका बाभळीवरून आमच्या दोन घरांची बोलाचाली बंद होती. बाभूळ कधीच वाळून गेली, अबोला मात्र चांगला तरारला होता. भावकीतला नियम असा की थोरल्या घराला बैल नसेल तर मान धाकट्या घराला जातो. आणि मान असा जिन्नस आहे की तो एकदा शेजारच्या घरी गेला की वाटी-चमच्यासारखा परत येत नाही.

मोहनरावांच्या दावणीलाही बैल नव्हता, पण माणसाला ट्रॅक्टरची सवय असली की भाड्याची लाज वाटत नाही. त्यांनी आष्टीकडून कचरू नावाच्या माणसाची जोडी सणापुरती भाड्यानं ठरवली. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी ती टेंपोत बसून आली. बैल टेंपोतून उतरताना मी खिडकीतून पाहिले. बरगड्या मोजाव्यात असे, पण शिंगं सरळ आणि डोळे गरीब. सोबत कचरू, तोही बैलांसारखाच.

छबुबाई माझी शेजारीण. सल्ला दिल्याशिवाय तिला जेवण जात नाही. ती म्हणाली, "आक्का, मातीचे बैल करा. शहरात करत्यात की."

मी म्हटलं, "मातीचे बैल लेकरं पुजत्यात. मी वेशीत मातीचा बैल घेऊन गेले तर मोहनराव मला मातीचा घोडाबी आनून देतील, खेळायला."

तोवर बाहेर असा आवाज झाला की कोंबड्या आढ्यावर गेल्या.

आमचा धाकटा, उत्तरेश्वर, पुण्याला एका शेठच्या गॅरेजात आहे. शेठ जुन्यापान्या विलायती गाड्यांच्या हुबेहूब नकला करतो आणि त्या लग्नाला, उद्घाटनाला भाड्यानं देतो. बीडला कुणाच्या तरी पेट्रोल पंपाचं उद्घाटन होतं, तिथं अशीच एक गाडी मिरवून उत्तरेश्वर वाट वाकडी करून सणाला घरी आला होता. गाडी दारात थांबली. थांबली म्हणजे काय, टेकली. लालभडक रंग, आणि उंची इतकी कमी की मालक ओट्यावरून म्हणाले, "बाकीची कुठं राहिली?"

मालक वर्षातून चार वाक्यं बोलतात, त्यातलं हे एक.

मी गाडीभोवती फिरले. पुढचे दिवे आभाळाकडं पाहत निजलेले, आणि प्रत्येक दिव्याला वर-खाली काळ्या पापण्या. माणसाच्या असतात तशा. छबुबाईनं पदर तोंडाला लावला. म्हणाली, "आक्का, पापन्या हायेत. म्हंजी जीव हाय."

"हिचं नाव काय रे?" मी विचारलं.

"मिउरा."

"हे कसलं नाव?"

उत्तरेश्वरला गाड्यांचं बोलायला लावलं की तो तोंड धुवायचं विसरतो. म्हणाला, "आई, इटलीत लॅम्बोर्गिनी नावाचा एक गडी होता. ट्रॅक्टर बनवायचा. पुढं त्यानं गाड्या काढल्या. आन स्पेन देशात मिउरा नावाचं एक घरानं हाय, पिढ्यान्‌पिढ्या बैल पाळनारं. लई नावाजलेले बैल. त्या घरान्याच्या बैलांवरून त्यानं ह्या गाडीचं नाव ठिवलं. गाडीवर बिल्लाबी बैलाचाच. ही नक्कल हाय, फायबरची. खरी असती तर शेठनं मला हात तरी लावू दिला असता का? पन नाव तेच. आता पुढची गोष्ट अशी की ते बैल तिथं—"

"पुढचं राहू दे," मी म्हटलं. "नाव बैलाचं, घरानं बैलाचं, बिल्ला बैलाचा. बास."

माझ्या डोक्यात काय चाललंय ते माझ्या पोराला लगेच कळलं, कारण त्याचा चेहरा उतरला. "आई, शेठ मला कामावरून काढील."

"बैलाला कुनी काढतं का सनाच्या दिवशी? उतर खाली."

त्या संध्याकाळी खांदेमळणी असते. बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळून म्हणायचं असतं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. मालक वाटी घेऊन उठले. माझ्या हट्टापुढं ते बोलत नाहीत, पण काम नीट करतात. गाडीच्या तोंडाशी उभं राहून म्हणाले, "ह्याचा खांदा कुठाय?"

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. छबुबाईचं म्हणणं, पुढच्या चाकावरचा फुगवटा तोच खांदा. उत्तरेश्वर म्हणाला, खांदा म्हणजे ताकद आणि ह्या गाडीचं इंजिन मागं आहे, बसणाऱ्याच्या पाठीशी. मी म्हटलं, मागं खांदा असलेला बैल मी पाहिला नाही. शेवटी मालकांनी पुढंही चोळलं आणि मागंही चोळलं, कुठं कमी पडायला नको म्हणून. तूप लाल रंगावरून घसरलं आणि हळद मात्र सगळीकडं बसली. उत्तरेश्वर फडकं घेऊन धावला. मी म्हटलं, लग्नाआधी अंगाची हळद पुसत नसतात.

सकाळी संस्थेचा सेक्रेटरी आप्पाराव दारात. हातात लिफाफा. आत टाईप केलेलं पत्र: 'विषय: चारचाकी वाहनास बैल समजणेबाबत.' खाली मोहनरावांची सही, इतकी मोठी की पत्राला जागा कमी पडली होती. बोलत नसलेल्या भावकीनं संस्थेच्या कागदावर बोलायला सुरुवात केली म्हणजे प्रकरण वाढलं हे ओळखावं.

आप्पाराव ओशाळून म्हणाला, "काकू, मला नुसती विचारपूस करायला सांगितलंय. जनावराच्या कानात चारा छावनीचा बिल्ला हाय का?"

"कानात कावून? पुढं-मागं नंबराची पाटी हाय. तुमच्या बिल्ल्यापरीस मोठी."

"वय?"

"चार वर्षं," उत्तरेश्वर म्हणाला.

"दाताला किती?"

मी गाडीच्या तोंडापुढची जाळी दाखवली. "मोजा."

आप्पाराव खरंच वाकला. सेक्रेटरीच्या नोकरीत माणूस असा होतो. मग उठून म्हणाला, "चेअरमनसाहेब म्हनले, बैल चारा खातो, गाडी खात न्हाई. सबब ती बैल न्हाई."

"मग त्यांना सांगा, ह्या दुष्काळात चारा न खानारा बैल ज्याच्या दारी हाय त्याचा तर डबल मान पायजे."

तो हे लिहून घेऊन गेला.

उरलेली सकाळ सजवण्यात गेली. आरसे म्हणजे शिंगं असं ठरवून त्यांना हिंगूळ लावला, बेगड चिकटवली. छतावर झूल टाकली, ती समोरच्या काचेवरून घसरत होती म्हणून दारात दाबली. पुढं गोंडे, घुंगरमाळ, दिव्यांच्या मध्ये बाशिंग. पापण्यांना काजळ लावू का असं छबुबाईनं विचारलं, मी नको म्हटलं, कुठंतरी थांबावं लागतं. राहिली मागची बाजू. तिथं काचेऐवजी काळ्या आडव्या पट्ट्या, खिडकीच्या झडपांसारख्या. रिकामं बोडकं दिसत होतं. मोरीच्या ओलीवर मी परसात हातभर मक्याचं हिरवं राखलं होतं, सणाच्या नैवेद्याला. ते कापलं आणि एकेका पट्टीत खोचलं. बैलाला पिसारा फुटल्यासारखं दिसायला लागलं.

एकच राहिलं होतं आणि तेच नेमकं मला कळत नव्हतं. उत्तरेश्वर म्हणाला, "आई, रेडिएटरमदी पानी घालावं लागंल. लई तापली होती काल."

त्या दिवशी टँकर आला नव्हता. घरात प्यायचा एक हंडा होता आणि सणाचा स्वयंपाक व्हायचा होता. मी म्हटलं, "वेशीपर्यंत तर जायचंय. तहान काढ म्हनावं."

आता वेशीपर्यंतची वाट. तीनशे पावलांची, पण आमच्या ग्रामपंचायतीनं तिच्यावर तीन वेळा रस्ता केलेला आहे, त्यामुळं ती फार खराब झाली आहे. गाडी प्रत्येक खड्ड्यात पोट टेकायची आणि कण्हायची. उत्तरेश्वर आत स्टेअरिंगवर निजल्यासारखा बसलेला. मालक पुढं कासरा धरून, कासऱ्याचं दुसरं टोक बाशिंगाला. मी बाजूनं ओवाळणीचं ताट घेऊन, नऊवार नेसून, कुणाकडं न पाहता. गाव हसत होतं. हसू दे. लोक मोटारीतल्या पुढाऱ्याला हसत नाहीत आणि सजवलेल्या मोटारीला हसतात, यात मोटारीचा काय दोष.

वेशीपाशी मोहनराव उभे. नवा फेटा, कचरूच्या बैलाचा कासरा स्वतःच्या हातात. कचरू मागं, पाहुण्यासारखा. गाडी त्यांच्या शेजारी आली, तोरणापासून दहा हातांवर, आणि तिच्या मागून शिटी वाजल्यासारखी वाफ निघाली. मग घुंगरं थरथरली, आणि शांतता.

"मेला का?" कुणीतरी विचारलं.

"तापला," उत्तरेश्वर म्हणाला.

मी म्हटलं, ढकला. पोरं पुढं झाली, पण खालची माती भुसभुशीत, चाकं रुतली. ओढायला बैल हवा. आणि पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर काही ठेवत नसतात. शेजारी कचरूची जोडी उभी होती, पण ती मीच जुंपू दिली नसती. राहिला संस्थेचा ट्रॅक्टर. तो पाच पावलांवर संस्थेच्या दारात उभा होता. मी आप्पारावाकडं पाहिलं. आप्पारावानं मोहनरावांकडं पाहिलं. मोहनराव तोरणाकडं पाहत आप्पारावाला म्हणाले, "त्यांना सांगा, ट्रॅक्टर गावकामाला काढायचा तर संचालक मंडळाचा ठराव लागतो."

मी आप्पारावाला म्हटलं, "त्यांना सांगा, सगळं संचालक मंडळ हितंच उभं हाय, फेटे बांधून."

"त्यांना सांगा, नोटीस लागती. सात दिवसांची."

"त्यांना सांगा, सोताच्या पोरीच्या लग्नाचं वऱ्हाड आनायला हाच ट्रॅक्टर काढला तवा नोटीस कुनी वाचली व्हती?"

आप्पारावाची मान टेबलावरच्या पंख्यासारखी फिरत होती. शेवटी मोहनरावांचा संयम सुटला आणि ते अबोला विसरून थेट मला म्हणाले, "वहिनी, हा बैल हाय म्हनता ना? मग कुठल्या जातीचा ते सांगा गावाला. देवनी हाय, लालकंधारी हाय, का खिल्लार?"

याच प्रश्नाची मी वाट पाहत होते. ताट छबुबाईच्या हातात दिलं. "मिउरा घरान्याचा. तुमच्या भाड्याच्या बैलाला बाप म्हाईत न्हाई, ह्याचं घरानं परदेशात नावाजलंय. उत्तरेश्वर, सांग."

पोरगा गाडीतून निघाला, आणि त्या ठेंगण्या दारातून निघताना फार शोभून दिसला नाही, पण बोलला चांगलं. स्पेन सांगितला, मिउरा घराणं सांगितलं, ट्रॅक्टरवाला सांगितला. ट्रॅक्टरचं नाव निघताच माणसं गंभीर झाली. वर तो म्हणाला की त्या गाडीवाल्यानं नाव घेतलं ते घेतलं, पुढं नवी गाडी घेऊन तो त्या बैलवाल्याच्या दारी गेला होता म्हणतात, दाखवायला. म्हातारी माणसं माना हलवायला लागली. ज्याचं नाव घेतलं त्याच्या दारी जाऊन आला, रीत धरून वागला. मी मोहनरावांकडं पाहिलं. फेटा थोडा खाली आल्यासारखा वाटला.

तेवढ्यात कचरूनं विचारलं. साधंच विचारलं, खवचटपणा नव्हता. "मंग तिथं बैलाचा पोळा कवा असतो?"

उत्तरेश्वर आरशावरची बेगड नीट करायला लागला.

"सांग की," मी म्हटलं.

"आई, राहू दे."

"गावापुढं मला थांबवतो का? सांग."

"तिथं पोळा नसतो," तो जमिनीकडं पाहत म्हणाला. "रिंगन असतं. मानसं तिकीट काढून बसत्यात. बैलाला आत सोडत्यात, एक मानूस तलवार घेऊन त्याच्याशी खेळतो, आन शेवटी मारतो. मिउराचे बैल लवकर पडत न्हाईत, मानसालाबी सोडत न्हाईत. म्हनून त्यांचं नाव झालं."

हलगी कधी थांबली ते मला कळलं नाही. आवतन घ्या, जेवायला या म्हणून ज्याच्या अंगाला तूप चोळलं, त्याचं नाव असं मिळवलेलं. आणि ते मी सणाच्या दिवशी, ओवाळणीचं ताट घेऊन, वाजतगाजत वेशीत आणलं होतं. मी आजवर चारचौघांत खाली पाहिलेलं नाही. तेव्हा पाहिलं. खाली माझीच नवी चप्पल होती आणि तिच्यावर रेडिएटरचं राहिलेलं पाणी ठिबकत होतं.

मोहनराव अशी संधी थोडीच सोडतात. त्यांनी कासरा ओढला, तोरणाकडं. बैल हलला नाही. पुन्हा ओढला. बैलानं मान वळवली, हुंगलं, आणि चेअरमनला मागं ओढत तो सरळ माझ्या गाडीच्या मागं आला. पट्टीतला मका त्यानं असा उपसला की झडप कटकन वाजली. उत्तरेश्वरनं डोळे मिटले. दुसराही बैल आला. दोघं खात होते, घुंगरं वाजत होती आणि सगळं गाव बैलांच्या बरगड्यांकडं पाहत होतं.

मोहनराव कासऱ्याला हिसका देणार तोच मी म्हटलं, "भाऊजी, हात खाली."

बाभळीनंतर भाऊजी ही हाक माझ्या तोंडून पहिल्यांदा गेली. ते थांबले.

"खाऊ द्या त्यांना. खाऊन झाल्यावर तेच पुढं जातील. गाडी मागं राहील. नाव बैलाकडून घेतलंय, त्यानं बैलाच्या मागंच चालावं."

मोहनरावांच्या मिशा वर चढायला लागल्या. "म्हंजी मान माझ्या घराला."

"तुमच्या घराला कावून? बैल कुनाचा?"

त्यांनी कासरा या हातातून त्या हातात घेतला.

"कचरू," मी म्हटलं, "चारा न्हाई, पानी न्हाई, तू हे दोन जीव कसे जगवलेस रे?"

"घरचं छप्पर उसवून खाऊ घातलं, माय," तो म्हणाला. "पाचट व्हतं."

"ऐकलं का, भाऊजी? कासरा त्याच्या हातात द्या."

मोहनरावांनी गावाकडं पाहिलं. गाव त्यांच्याकडं पाहत होतं, आणि पुढच्या वर्षी संस्थेची निवडणूक होती. कासरा दिला. कचरू लाजला, डोक्याचं फडकं नीट केलं, आणि दोन्ही बैल घेऊन तोरणाखालून गेला. हलगी पुन्हा सुरू झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या तोरणाखालून ना थोरलं घर पहिलं गेलं ना धाकटं, आणि तोरण काही पडलं नाही, याचं मला थोडं आश्चर्य वाटलं.

गाडी बाहेर काढायला ट्रॅक्टर शेवटपर्यंत निघाला नाहीच. ठराव तो ठराव. मालक आणि मोहनराव दोघांनी पाठीमागून खांदा लावला, फेटे बाजूला ठेवून. मोहनराव धापा टाकत म्हणाले, "वहिनी, लई जड घरानं हाय."

"ढकला," मी म्हटलं. "बाभळीपरीस हलकं हाय."

संध्याकाळी कचरूची जोडी आमच्या दारी आली. मी पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी भरवली. प्यायच्या हंड्यातलं पाणी पाजलं. आमच्यापुरतं दुसऱ्या दिवशी टँकर येईपर्यंत मोहनरावांच्या घरून आलं, त्यांच्या बायकोनं न मागता पाठवलं. उत्तरेश्वर ओट्यावर बसून झडपेला चिकटपट्टी लावत होता आणि हळदीचं शेठला काय सांगायचं याचा विचार करत होता. मी म्हटलं, सांग, अंगावर हळद चढलेली नक्कल खऱ्यापेक्षा महाग जाते.

टेंपो आला तसा कचरू उठला. बैल चढवले, मग घुटमळला.

"माय, घरी गायीला गोऱ्हा झालाय. पंधरा दिसाचा हाय. अजून नाव न्हाई. तुमचं ते नाव लई भारी वाटलं बगा. मिउरा ठिवू का?"

मी त्याच्या बैलांकडं पाहिलं. तोंडाला पुरण लागलेलं होतं, डोळे अर्धे मिटलेले.

"नको," मी म्हटलं. "ते नाव मेल्यावर मोठं होतं. घरीच म्हातारा होईल असं एखादं साधं नाव ठिव."

कचरूनं थोडा विचार केला. "माझ्या आधीची चार भावंडं गेली, माय. म्हनून माज्या आयनं मला कचऱ्यावर ठिवून उचललं आन नाव कचरू ठिवलं, यमाला हौस वाटू ने म्हनून. बगा, अजून हाय मी. त्येच ठिवतो मंग."

"ठिव," मी म्हटलं. "पन घरच्यांनी गोठ्यातनं हाक मारली तर जपून. चाऱ्याला तूच पळशील, आन तुझी भाकर तो खाईल."

तो टेंपोत मागं, बैलांच्या मध्ये चढून बसला, आणि टेंपो वळेपर्यंत हसत होता.